मदत हवी आहे: विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद आहे, हंगाम संपेपर्यंत असंच चालेल का?

नमस्कार मंडळी,

देवगडला आमची हापूसची बाग आहे, पुण्या-मुंबईला घरपोच पेट्या पाठवतो. पेटीवर चिकटवायची लेबलं छापायला एक जुना प्रोग्राम होता, तो नव्या लॅपटॉपवर (विंडोज ११) चालेना. गावातल्या एका पोराने कुठल्याशा ग्रुपवरून त्याचं 'फुल व्हर्जन' आणून दिलं. टाकल्या टाकल्या डिफेंडरने ते उडवलं. पोरगा म्हणाला, "काका, ह्यो उगाच त्रास देता, बंद करून टाकतंय. काय्येक होऊचा नाय."

लेबलं झकास येतायत. पण खालच्या कोपऱ्यातल्या ढालीवर तेव्हापासून लाल फुली आहे. परवा रात्री कोणी हात लावलेला नसताना लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. नेटबँकिंग, जीमेल सगळं ह्यावरच. अक्षय्य तृतीयेच्या ऑर्डरी तोंडावर आहेत. मे अखेरपर्यंत ढकलू का?

प्रतिसाद १
विंडोज सिक्युरिटीत जाऊन दोन गोष्टी बघा. टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरची सेटिंग दुसऱ्या प्रोग्रामला बदलू न देणारं कुलूप) चालू आहे का, आणि एक्सक्लुजनमध्ये (डिफेंडरने तपासायचं नाही अशा गोष्टींच्या यादीत) काय काय आहे?

धागाकर्ता
टॅम्पर प्रोटेक्शन बंद. एक्सक्लुजनमध्ये एकच ओळ आहे, 'सी:\'. एकच आहे म्हणजे बरं ना?

प्रतिसाद २
काका, ती एक ओळ म्हणजे अख्खा सी ड्राइव्ह! आता डिफेंडर चालू केलात तरी तिथल्या फायलींना तो हात लावणार नाही. नुसतं रिअल-टाइम प्रोटेक्शन (सतत चालणारी तपासणी) बंद केलं तर विंडोज थोड्या वेळाने ते आपणहून चालू करतं, एक्सक्लुजन मात्र तुम्ही काढेपर्यंत तसंच राहतं. क्रॅकवाले, म्हणजे असली चोरीची 'फुल व्हर्जन' वाटणारे, हेच करायला लावतात.

पंखा अपडेटमुळेही फिरला असेल, ते सोडा. माझ्या पोटात गोळा आला तो नेटबँकिंग वाचून. क्रॅकमधून येणारे चोर प्रोग्राम ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड नेतात, शिवाय लॉगिनच्या कुकीज (तुम्ही लॉगिन केलंय हे लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली नोंद) नेतात. कुकी गेली की जीमेल पासवर्ड न विचारताही उघडू शकतं. म्हणून पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला आणि सगळीकडून साइन आउट करा. या लॅपटॉपवरून बिलकुल नको.

मग ती ओळ काढा, टॅम्पर प्रोटेक्शन चालू करा, प्रोग्राम काढून फुल स्कॅन आणि त्यानंतर ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधीच होणारी तपासणी). ऑफलाइनला पंधराएक मिनिटं लागतात, मशीन रीस्टार्ट होतं. खरं विचाराल तर मी ऑर्डरींच्या एक्सेल फायली तेवढ्या पेनड्राइव्हवर घेऊन विंडोज नव्यानेच टाकलं असतं. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा.

प्रतिसाद ३
लेबलांसाठी एवढा उपद्व्याप कशाला? लिबरऑफिस फुकट आहे. पत्ते कॅल्कमध्ये ठेवा, रायटरमधून मेल मर्ज करा (यादीतले पत्ते आपोआप लेबलांवर भरले जातात), ए-फोर स्टिकर शीटवर छापा.

धागाकर्ता
लॅपटॉपचं नेट काढलं. मुलीच्या फोनवरून पासवर्ड बदलतोय, जीमेल झालं. फुल स्कॅन रात्री लावला होता, बेचाळीस टक्क्यांवर लाइट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी काही टिकत नाही. आता इन्व्हर्टर पूर्ण चार्ज झाला की परत लावतो. तोवर लेबलं हातानेच लिहितोय, तीस झाली, सत्तर बाकी.