मदत हवी आहे : सू लॉक्सजवळ आइसब्रेकर काठावरून पाहण्याविषयी

सुपीरियर सरोवरातून निघणाऱ्या सेंट मेरीज नदीवरील सू लॉक्स (जहाजांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर चढवणारे-उतरवणारे दरवाजांचे कालवे) हिवाळ्यात बंद असतात, आणि २५ मार्चला ते उघडण्यापूर्वी अमेरिकी तटरक्षक दलाचे ‘मॅकिनॉ’ हे २४० फुटी आइसब्रेकर मालवाहू जहाजांसाठी वाट मोकळी करते. माझ्या वडिलांची सारी नोकरी मुंबईच्या गोदीत गेली. जहाजाची नाळ (पुढचे टोक) बर्फावर चढते आणि जहाजाच्या भाराखाली तो बर्फ दुभंगतो, हे त्यांना एकदा प्रत्यक्ष दाखवावे अशी माझी फार इच्छा आहे. तिथे मार्चमध्ये गेलेल्या कोणी कृपया सांगावे, की लॉक्सजवळच्या सू सेंट मेरी शहराच्या काठावरून हे काम नीट दिसते की नदीच्या खालच्या अंगाला जावे लागते? शिवाय पंचाहत्तरीतल्या माणसाला त्या वाऱ्यात किती वेळ उभे करणे योग्य ठरेल?