उद्योजकता सक्तीची केली की पोरं धंद्यात उतरतील?

खातेवही:
'उद्योजकता पदवीला सक्तीची करा, नोकरीच्या रांगा आपोआप आटतील' ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. नेदरलँड्समध्ये हे करून झालंय. एकाच कॉलेजच्या ब्रेडा कॅम्पसवर मुलांनी मिनी कंपनी चालवली: शेअर विकले, माल खपवला, शेवटी हिशेब मिटवून गाशा गुंडाळला. त्याच कॉलेजच्या डेन बॉश कॅम्पसला हा विषय नव्हता. दोन्हींची तुलना करणारा ऊस्टरबीक आणि मंडळींचा संशोधन-निबंध २०१० चा आहे. कौशल्यात फरक नाही, आणि धंद्याचा इरादा ब्रेडात उलट घटला. करा आता सक्ती!

कोरा_चहा:
इरादा घटला म्हणजे विषय वाया गेला? झेपणार नाही हे कर्ज काढायच्या आधी कळलं, तर फी वसूल. म्युनिकच्या सक्तीच्या कोर्सातही इरादा घसरला, पण आपल्याला जमेल की नाही हे मुलांना जास्त स्पष्ट झालं.

मधली_सुट्टी:
म्युनिक राहू द्या हो. आपल्याकडे आधी मॅक्लेलँड (यशाची ओढ माणसाला धंद्यात उतरवते म्हणणारा मानसशास्त्रज्ञ) पाठ, मग प्रोजेक्ट रिपोर्ट, तोही मागच्या बॅचचा, नाव बदलून. त्यात उधारी नसतेच. महिन्याला २ लाखांचा माल विकला आणि गिऱ्हाईक ६० दिवसांनी पैसे देणार, तर ४ लाख कायम बाहेर अडकले. कच्चा माल मात्र रोखीत. ऑर्डरी भरपूर असूनही युनिट बसतं ते इथेच.

कोरा_चहा:
मॅक्लेलँडला हसू नका. १९६४ ला काकिनाड्यात त्याच्याच प्रशिक्षणाने लोकांनी धंदे वाढवले.

मधली_सुट्टी:
अहो, ते आधीच धंद्यात असलेले लोक! एस.वाय.ची पोरं नव्हेत.

रोखठोक_भाऊ:
कशाला एवढा काथ्याकूट? पीएमईजीपी आहे की, नव्या धंद्याला कर्ज-सबसिडी देणारी केंद्राची योजना. ३५ टक्के फुकट.

खातेवही:
फुकट?! ३५ टक्के ग्रामीण भागात, तेही महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे विशेष गटांना. खुल्या गटाला गावात २५, शहरात १५. १० लाखांचा प्रकल्प गावात काढला तर स्वतःचे १ लाख, बँकेचे ९. सबसिडीचे अडीच लाख हातात पडत नाहीत, ३ वर्षं टीडीआरमध्ये, म्हणजे बँकेतल्या मुदत ठेवीत, बसतात. तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, इतकंच. मग पाहणी होते. युनिट चालू असेल तर रक्कम कर्जात वळती. जागेची किंमत प्रकल्पखर्चात धरतच नाहीत. तुम्ही असंच सांगता, म्हणून पोरं सबसिडी हिशेबात धरून यंत्र बुक करतात.

रोखठोक_भाऊ:
मग देऊ नका कुणाला काही! सगळे सीए झालेत इथे.

कोरा_चहा:
बरं बाबा, टीडीआर आणि उधारी अभ्यासक्रमाच्या पहिल्या प्रकरणात घ्या, मॅक्लेलँड शेवटी. सक्ती मात्र हवीच.

मधली_सुट्टी:
घ्या की. पेपरात ५ मार्कांची टीप येईल: 'टीडीआर'. गाईडमध्ये उत्तर तयार.