धीर धर, धीर कर: रविवारच्या मराठी शाळेचा एक तास

प्रेषक: मेघना (मधला गट)
विषय: ८ ते १० वयाच्या मुलांसाठी 'धीर', वाचन-लेखनाचा तास

सर्वांना नमस्कार,

कोजागिरीचं आवरलं, पातेली ज्याची त्याला परत गेली असं धरून चालते. आता शाळेकडे.

१४ नोव्हेंबरला भारतात बालदिन असतो. योगायोग म्हणजे इथे कॅलिफोर्नियात, बे एरियात, बऱ्याच शाळांतली मुलं त्याच दिवशी रुबी ब्रिजेसच्या, म्हणजे गोऱ्यांच्या शाळेत एकटी गेलेल्या कृष्णवर्णीय मुलीच्या, आठवणीत चालत शाळेला जातात. म्हणजे आपल्या मुलांना ती माहीत आहे, फक्त इंग्रजीतून. तिच्याबद्दल मराठीत चार वाक्यं सांग म्हटलं की गाडी 'ती ब्रेव्ह होती' इथेच थांबते. त्याच्या आदल्या रविवारचा तास यावरच घेते आहे.

सुरुवात चित्राने. नॉर्मन रॉकवेलचं १९६४ सालचं ते प्रसिद्ध चित्र: पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी, पुढे दोन आणि मागे दोन माणसं, भिंतीवर फुटलेला टोमॅटो. मोठ्या माणसांची डोकी चित्रात आलेलीच नाहीत, खांद्यापाशी कापली गेली आहेत. आपण मुलीच्या उंचीवरून बघतो. नाव, गाव, काही सांगायचं नाही. दहा मिनिटं फक्त 'काय दिसतंय?' आणि उत्तर पूर्ण वाक्यात. मग मी लिहिलेला छोटा उतारा आळीपाळीने मोठ्याने वाचायचा: १४ नोव्हेंबर १९६०, न्यू ऑर्लिन्स, विल्यम फ्रान्त्झ शाळा, सहा वर्षांची रुबी, सोबत सरकारने पाठवलेले मार्शल. गोऱ्या पालकांनी आपली मुलं वर्गातून काढून घेतली आणि बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या बाईंनी वर्षभर तिला एकटीला शिकवलं.

उताऱ्यात मी 'शूर' हा शब्द एकदाही वापरलेला नाही. 'धीर' वापरलाय, कारण मराठीतली खरी गंमत तिथे आहे. धीर धर म्हणजे थांब. धीर कर म्हणजे पुढे हो. एकच शब्द, क्रियापद बदललं की उलट्या दिशेला पाठवतो! शिवाय धीर देतात, धीर सुटतो, खचतो, आणि कधीकधी धीरच होत नाही. फळ्यावर सहा क्रियापदं लिहीन. रुबी, तिची आई, बाई आणि दाराबाहेरचा जमाव यांपैकी कोणाला कोणतं लागू पडतं ते मुलांनी ठरवायचं.

दुसरा भाग सावित्रीबाईंचा. १८४८ साली भिडे वाड्यात शिकवायला जाताना लोक शेण-चिखल फेकत, म्हणून त्या पिशवीत दुसरं लुगडं ठेवत. आपण सगळे शाळेत 'फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त' लिहून मोठे झालो. तसंच इथे 'पिशवीतल्या लुगड्याचं मनोगत', पाच ओळी.

मोठ्या गटासाठी मुक्ता साळवे सुचवते. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची विद्यार्थिनी, १८५५ मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आपली मोठ्या गटातली मुलं तिच्याच वयाची आहेत.

सूचना कळवा.
मेघना

---

प्रेषक: विनायककाका
विषय: उत्तर: 'धीर'

चि. मेघना, अ. उ. आ.

योजना वाचली. लुगड्याचे मनोगत फार आवडले, माझ्या काळी आम्हाला मोडक्या खुर्चीचे असे. परंतु तानाजी कुठे आहे? बाजीप्रभू कुठे आहे? महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांनी मराठीत धैर्य शिकायचे आणि त्यात सिंहगड नाही, हे मला पटत नाही. पोरांना तलवार आवडते. पोवाडा लावलास तर वर्ग डोक्यावर घेतील.

निदान हिरकणी तरी घे. रायगडाचे दरवाजे सांजवेळी बंद झाले, खाली घरी तान्हे बाळ, आणि ही गवळण रात्री कडा उतरून गेली. आख्यायिका आहे हे मान्य, पण हिरकणी बुरूज आजही उभा आहे. आणि तो दिवस कोजागिरीचा होता म्हणतात, म्हणजे आपण नुकतेच दूध प्यायलो त्याला धरूनच होईल.

विनायक

---

प्रेषक: प्राजक्ता (पालक)
विषय: उत्तर: 'धीर'

मेघनाताई, रुबी आणि सावित्रीबाई छानच. मुक्ता साळवेंबद्दल मात्र मनात शंका आहे. मुलांना इथे जात म्हणजे काय तेच माहीत नाही. आपणच कशाला त्यांच्या डोक्यात घालायची? रविवारी सकाळी दोन तास मराठी कानावर पडावं एवढ्यासाठी आम्ही फ्रीमाँटहून गाडी काढतो. राग नसावा.

प्राजक्ता

---

प्रेषक: मेघना
विषय: उत्तर: 'धीर'

काका, हिरकणी घेतली. सुहासच्या छोट्या गटाला देते, त्याच्याकडे अजून लिहिणारी मुलं नाहीत, चढणारी भरपूर आहेत.

तानाजी मात्र या तासाला नको. तो फेब्रुवारीत शिवजयंतीला येतोच, दर वर्षी, पोवाड्यासकट, आणि गत्त्याच्या तलवारी मीच कापते. अडचण अशी की सिंहगडाच्या गोष्टीनंतर 'तू कधी धीर केलास?' असं विचारलं की मुलं गप्प होतात. गड घेणं त्यांच्या हातात नाही. शाळेच्या दारापर्यंत चालत जाणं आहे.

प्राजक्ता, राग कशाचा? मी स्वतः यावर दोन दिवस घोळत होते. पण गेल्या वर्षी सावित्रीबाईंची गोष्ट सांगताना एका मुलीने विचारलं होतं, 'लोक शेण का फेकत होते?' मी म्हटलं, मुलींनी शिकू नये असं त्यांना वाटायचं. तिचा पुढचा प्रश्न, 'सगळ्या मुलींनी की काही मुलींनी?' मी विषय बदलला. नंतर गाडीत बसल्यावर लाज वाटली. ही मुलं रुबीच्या रंगाबद्दल शाळेत मोकळेपणी बोलतात, आणि आपल्या घरची गोष्ट आली की आम्ही ताया चाचरतो.

त्या निबंधातलं सगळं मुलांना द्यायचं नाही. पेशवाईतल्या तालीमखान्यापुढून जाण्याबद्दल जे लिहिलंय ते फार भयानक आहे, ते मोठ्या गटालासुद्धा नाही. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही नसतं, थंडी-पावसात तिचं काय होत असेल, असं ती विचारते, तो भाग घ्यायचा. आणि तिचा मुख्य सवाल: वेद आमचे नाहीत म्हणता, तर आमचं पुस्तक कोणतं, आमचा धर्म कोणता? चौदाव्या वर्षी एवढा थेट प्रश्न छापून आणला, यावर मुलांनी तिला पत्र लिहायचं, उत्तर नव्हे, पत्र. 'प्रिय मुक्ता' लिहायचं की 'प्रिय मुक्ताताई', यावरच त्यांचा पहिला वाद होईल, बघ. तू त्या दिवशी वर्गात मागे बसशील का? खटकलं तर तिथेच सांग.

मेघना

---

प्रेषक: सुहास (छोटा गट)
विषय: उत्तर: 'धीर'

हॉलचे पडदे ओढून बाकं आडवी लावतो, तोच रायगड. एक मूल हिरकणी, बाकीचे सांगणार: उजवा पाय खाली, हात धर, इथे निसरडं आहे. वर-खाली-उजवं-डावं सगळं होऊन जाईल. शेवटी भीतीची डबी: मला कशाची भीती वाटते त्याचं चित्र काढायचं, नाव न घालता डबीत टाकायचं. मधल्या गटालाही चालेल, तिथे चित्राऐवजी चिठ्ठी.

कोणाच्या घरी जुन्या गाद्या आहेत का? बाकांखाली घालायला हव्यात.

सुहास

---

प्रेषक: मेघना
विषय: वृत्तांत (लांब आहे, चहा घेऊन बसा)

गाद्या सहा आल्या, सातवी कोणाची ते कळलं नाही, हॉलमध्ये आहे, घेऊन जा.

छोट्या गटातली एक हिरकणी अर्ध्यावर बसली आणि म्हणाली, 'बाळाला बाबा बघेल.' सुहासकडे यावर उत्तर नव्हतं.

चित्रावर ठरवले होते दहा मिनिटं, गेली पंचवीस. डोकी नसलेली माणसं मुलांनी लगेच टिपली. एकाचं मत, 'ती पोलीस आहेत पण ती तिच्याकडे बघत नाहीत.' व्याकरण मी दुरुस्त केलं नाही.

क्रियापदांचा तक्ता सगळ्यात जास्त रंगला. रुबीने धीर केला, यावर एकमत. बाईंनी धीर दिला की धीर धरला? यावर दोन तट पडले. रोज एकाच मुलीसमोर रिकाम्या वर्गात शिकवायचं म्हणजे धरावाच लागतो, असं एका मुलाने ठासून सांगितलं. मला हे सुचलं नव्हतं.

'लुगडं' शब्द कोणालाच माहीत नव्हता. माझ्या आजीचं नऊवारी उलगडून दाखवलं, ते वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलं. मनोगतांमधल्या दोन ओळी जशाच्या तशा:

'मला पिशवीत गुदमरतं पण बाहेर शेण आहे म्हणून मी गप्प बसते.'

'घाण झालेल्या लुगड्याला कोणी सॉरी म्हटलं नाही. मी संध्याकाळी त्याच्याजवळ वाळत बसते.'

या दुसरीला मी काय शेरा देणार? नुसती सही केली.

मोठ्या गटाने 'ताई' लावलं नाही. 'ती आपल्या वर्गात असती तर मुक्ताच म्हटलं असतं,' असा निकाल लागला. प्राजक्ता मागे बसली होती. तिला काय वाटलं ते ती सांगेल, मी तिच्या वतीने बोलत नाही.

आता डबी. कोणाची चिठ्ठी कुठली ते विचारू नका, मलाही माहीत नाही. शाळेतल्या आपोआप धाडकन वाहणाऱ्या फ्लशची भीती: चार. अंधार: तीन. पोहण्याच्या तलावाचं खोल टोक: दोन. कुत्रा, कोळी, भूकंपाचा सराव प्रत्येकी एक. आणि पेन्सिलने, खोडून पुन्हा लिहिलेली एक: 'मला मराठीत फोनवर बोलायची भीती वाटते. मी बोललो की सगळे हसतात आणि परत बोल म्हणतात.'

ती मी वर्गात वाचली नाही.

मेघना

---

प्रेषक: विनायककाका
विषय: उत्तर: वृत्तांत

चि. मेघना,

तुझे पत्र काल रात्री वाचले. ती चिठ्ठी कोणाची हे विचारत नाही. फोनवर 'परत बोल' मी म्हणतो, आणि हसतोही. गोड वाटते म्हणून हसतो, पण ते त्या पोराला कसे कळावे?

इथे येऊन अकरा वर्षे झाली. दुकानात खिडकीतून कॉफी मागायची झाली तर मी अजून सुनेला पुढे करतो. एकदा 'पुन्हा सांगा' म्हणाले, दुसऱ्यांदा म्हणाले, मागच्या गाडीने भोंगा वाजवला. त्यानंतर मी कॉफी सोडली असे घरात सांगितले आहे.

डबी अजून ठेवली असशील तर पुढच्या रविवारी माझी चिठ्ठी तीत टाकतो. नावासकट चालेल. वर्गात वाचायची झाली तर मी स्वतः वाचेन, मुलांना हसायचे तर हसू देत.

सातवी गादी आमची आहे.

विनायक