ब्लीचचं पाणी रोजच्या रोज करा
एकांनी लिहिलंय की जंतू मारायला ब्लीचचं पाणी एकदाच बाटलीभर करून आठवडाभर कड्या, बटणं पुसायला वापरता येतं. पुसण्याबद्दल सहमत, आठवडाभराबद्दल अजिबात नाही. पातळ केलेलं ब्लीच लवकर निकामी होतं, पारदर्शक बाटलीत उजेड लागला तर आणखीच लवकर. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. म्हणून थोडंच करा: ब्लीचच्या बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचमधला जंतू मारणारा घटक) लिहिलं असेल तर ब्लीच २० मिली, म्हणजे लहान चार चमचे, आणि एकूण एक लिटर होईल इतकं थंड पाणी. गरम पाण्यात त्याचा जोर जातो.

अजून एक, फडका मारून लगेच कोरडं करू नका. पृष्ठभाग निदान मिनिटभर ओला दिसला पाहिजे. चिकट, मळकट कडी आधी साबणाने धुवा, कारण मळातच ब्लीच खर्ची पडतं. स्टीलवर मात्र नंतर साध्या पाण्याचा हात फिरवा, नाहीतर बारीक खड्डे पडतात.

आणि कृपा करून त्यात व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका! आम्लाने क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला.