दोन मांजरांना हाताचं खिमा मशीन पुरे

मालवणात दोन मांजरांना घरी कच्चा खिमा करून घालायला मशीन इलेक्ट्रिक घ्यावं की हाताचं, असा प्रश्न आहे. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण १२० ग्रॅम खिमा लागतो, म्हणजे दोघांचं आठवड्याला पावणेदोन किलोच्या आत. तेवढ्यासाठी १० किंवा १२ नंबरचं (नंबर म्हणजे मशीनचा आकार) ओतीव लोखंडी मशीन पुरतं. स्वस्त इलेक्ट्रिकवर छापलेले वॅट बहुधा मोटर अडकल्यावरचे असतात, चालतानाचे नव्हेत. आणि हाडं दळली तर वॉरंटी राहते का ते आधी वाचा.

हाड ब्रॉयलरच्या मानेचं नि पंखाचंच, तेही कच्चं. अंड्यावरची जून गावठी कोंबडी नको, तिचं हाड पात्याला आवरत नाही. मांस अर्धवट गोठलेलं घ्या. कोमट झालं की चरबी जाळीला माखते, शिरा पात्याला गुंडाळतात, मग खिम्याऐवजी लगदा येतो. तरीही लगदाच येत असेल तर पातं उलटं बसलंय. सपाट बाजू जाळीकडे हवी. मांजरांना ८ मिमीची जाळी बरी.

कडाप्प्याच्या ओट्याला क्लॅम्प नीट धरत नाही, जाड फळीला आवळा.

खरा शत्रू आपली खारी हवा. धुतल्यावर लगेच कोरडं करून पातं-जाळीला खोबरेल चोळा, नाहीतर पावसाळ्यात दोन दिवसांत तांबेरा. ॲल्युमिनियमचं गंजत नाही, पण धुण्याच्या सोड्याने काळं पडतं नि ते काळं खिम्यात उतरतं.

नुसत्या खिम्यावर मात्र ठेवू नका. टॉरीन (मांजरांना आहारातून लागणारं पोषक द्रव्य) नि कलेजी यांचं प्रमाण पशुवैद्यांकडून ठरवून घ्या.