वर्गातला मर्केटरचा नकाशा भिंतीवरून उतरवावा का?

अंबरी_नहर

मी छत्रपती संभाजीनगरला बीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगोल. आमची अभ्याससहल कन्याकुमारीला गेली होती. मराठवाड्याबाहेर एवढ्या लांब मी पहिल्यांदाच गेलो. दोन रात्री रेल्वेत काढल्या. खिडकीबाहेरची काळी माती तांबडी झाली, मग नारळ दिसायला लागले, फलाटावरच्या पाट्यांची लिपी दोनदा बदलली. आपला देश केवढा आहे, हे त्या दोन रात्रींत मला कळलं.

परत आल्यावर वर्गातल्या जगाच्या नकाशासमोर उभा राहिलो. तो मर्केटर पद्धतीचा आहे. त्यात आपला देश वितीत मावतो आणि ग्रीनलंड त्याच्या कितीतरी पट मोठं दिसतं. खरे आकडे असे: ग्रीनलंड सुमारे २१.६६ लाख चौरस किलोमीटर, भारत ३२.८७ लाख. म्हणजे भारतच दीडपट मोठा. नॉर्वेची मुख्य भूमी सव्वातीन लाखांच्या आत आहे आणि महाराष्ट्र ३.०७ लाख. जवळपास सारखेच, पण नकाशात नॉर्वे महाराष्ट्राच्या चार-पाच पट दिसतो. अख्खं युनायटेड किंग्डम तर महाराष्ट्रापेक्षा लहान आहे.

प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतींचा, धडा आम्ही दुसऱ्या वर्षी केला. मर्केटरची आकृती मी काढली, तिला चांगले गुणही मिळाले. तरी डोळ्यांत बसलेलं जग बदललं नव्हतं, कारण ते पाचवीपासून भिंतीवर टांगलेलं होतं.

सगळ्यात मोठा अन्याय आफ्रिकेवर होतो. ती ३.०३ कोटी चौरस किलोमीटर आहे, ग्रीनलंडच्या चौदा पट. नकाशात दोघं बरोबरीला दिसतात. माझं शहर खडकी या नावाने १६१० साली मलिक अंबरने वसवलं. तो इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा वजीर झाला. त्याच्या नहरीचं पाणी माझ्या पणजीने भरलं आहे. तरीही इथिओपिया महाराष्ट्राच्या साडेतीन पट आहे, हे मला यंदा कळलं. आमच्या डोक्यात आफ्रिका म्हणजे एकच गाव.

ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकन युनियनने मर्केटर बाजूला ठेवून ‘इक्वल अर्थ’सारखा समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळं खऱ्या प्रमाणात दाखवणारा, नकाशा वापरावा या मोहिमेला पाठिंबा दिला. माझं म्हणणं आहे की आपल्या शाळा-महाविद्यालयांनीही भिंतीवरचा मर्केटर उतरवावा. तुम्हाला काय वाटतं?

दर्यावर्दी_रत्नागिरी

बावीस वर्षं मर्चंट नेव्हीत आहे, सध्या चीफ ऑफिसर. तुझी तळमळ पटली, मागणी पटली नाही.

गेरार्ड मर्केटरने १५६९ मध्ये हा नकाशा खलाशांसाठी काढला, देशांची मोजमापं दाखवायला नाही. होकायंत्रावर एक दिशा धरून जहाज सरळ नेलं, तर तो मार्ग या नकाशावर सरळ रेषा होतो. आम्ही तिला रंब लाइन म्हणतो. पट्टी ठेवायची, रेघ मारायची, कोन वाचायचा आणि त्या दिशेला सुकाणू धरायचं. ही सोय दुसऱ्या कुठल्याही प्रक्षेपणात नाही. त्यासाठी ध्रुवांकडे जाताना अक्षवृत्तं एकमेकांपासून लांब लांब करत न्यावी लागतात. साठ अंशांवर लांबी दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट. ही चूक नाही, सरळ रेषेची किंमत आहे, आणि चारशे वर्षं खलाशांनी ती समजून मोजली. आम्ही अंतर मोजताना डिव्हायडर चार्टच्या बाजूच्या अक्षांश-पट्टीवर, आपण जिथे आहोत त्याच उंचीवर लावतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. कोकणातली कितीतरी पोरं हे शिकून बाहेर पडली. आजही सागरी चार्ट बहुतेक मर्केटरच असतात, पडद्यावर आले तरी.

आफ्रिका केवढी आहे हे मला विचार. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि आम्ही न्हावा शेवाहून रॉटरडॅमला सुएझऐवजी दक्षिणेकडून वळसा घालून जायला लागलो. आमच्या वेगाने बारा-तेरा दिवस जास्त. रोज सकाळी ब्रिजवर यावं तर उजव्या हाताला तीच आफ्रिका, फक्त पाण्याचा रंग आणि गारवा बदललेला. आणि हो, सगळ्यात दक्षिणेचं टोक केप ऑफ गुड होप नव्हे, अगुल्हास. हा सगळा वळसा मी मर्केटरच्या चार्टवरच मारला.

अंबरी_नहर

दर्यावर्दी साहेब, अगुल्हासबद्दल आभार. पण तुम्हीच म्हणालात, हा नकाशा खलाशांसाठी आहे. मग तो आठवीच्या वर्गात काय करतोय? आमच्यापैकी कुणाला डिव्हायडर लावायचाय? मुलं त्या नकाशाकडे एकाच कामासाठी बघतात: कोण कुठे आणि कोण केवढं. त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तो चुकीचं देतो.

भूगोलाच्या_बाई

जालना जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत अठरा वर्षं शिकवते आहे. आधी एक दुरुस्ती. शाळेतला प्रत्येक नकाशा मर्केटर नसतो. पुस्तकांत आणि अ‍ॅटलासमध्ये वेगवेगळी प्रक्षेपणं असतात. ओळखायची खूण सोपी आहे: अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं दोन्ही सरळ रेषा असतील आणि अक्षवृत्तांमधलं अंतर ध्रुवांकडे वाढत जात असेल, तर तो बहुधा मर्केटर.

आता उतरवण्याबद्दल. भिंतीवरचा नकाशा उतरवला तर माझ्या शाळेत तिथे खिळा उरेल. नवा नकाशा कधी येईल, सांगता येत नाही. म्हणून मी तो काढत नाही, त्याच्याशी मुलांना भांडायला लावते. आमच्याकडे मोसंबी मुबलक. एकेका मुलाने एक मोसंबी आणायची, सालावर पेनाने खंड काढायचे, मग साल सोलून पाटीवर सपाट बसवायचं. ते फाटतंच. फाटू नये म्हणून ताणलं की वरचा भाग रुंद होतो. प्रक्षेपण या शब्दाचा अर्थ त्यांना तिथेच कळतो, आणि नंतर मोसंबी खाता येते.

दहावीचं आपलं पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर उभं आहे. ब्राझील ८५ लाख चौरस किलोमीटर. मर्केटरवर अलास्का त्याच्या तोडीची दिसते, प्रत्यक्षात ती ब्राझीलच्या पाचव्या हिश्श्याएवढी. हे मी दरवर्षी विचारते आणि दरवर्षी वर्ग चुकतो. चुकल्यावर त्यांना जे लक्षात राहतं, ते बरोबर नकाशा आधीच लावला असता तर राहिलं नसतं. म्हणून माझं मत: काढू नका, शेजारी दुसरा लावा, आणि कपाटात कुलूपबंद असलेला पृथ्वीगोल बाहेर काढा.

स्पष्टच_सांगतो

मला हा सगळा वादच परका वाटतो. नकाशात मोठं दिसलं म्हणून कुणी मोठं होत नाही. ग्रीनलंडचंच घ्या. पिढ्यान्‌पिढ्या ते राक्षसी आकाराचं दिसतंय, त्यामुळे कुणाला ते बलाढ्य वाटलं का? जपान आणि ब्रिटन नकाशात चिमुकले आहेत, तरी त्यांचा दरारा कमी झाला नाही. कॅनडा अवाढव्य दिसतो, त्याची राजधानी वर्गातल्या किती जणांना येते? आफ्रिकेबद्दलचं अज्ञान नकाशातून आलेलं नाही. ते न शिकवण्यातून आलंय. भूगोलाचा पेपर ४० गुणांचा, त्यात नकाशा भरायचा प्रश्न पाठ करून सुटतो. प्रक्षेपण बदललं तरी मुलं नवा नकाशा पाठच करतील. शाळांना खर्चात आणि कामाला लावणारी ही मागणी आहे, तिने मूळ दुखणं झाकलं जाईल.

नकाशेवाला

मी पुण्यात जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं, काम करतो. दोन्ही बाजूंना थोडं थोडं सांगतो.

विद्यार्थी मित्रा, समक्षेत्र नकाशाही खोटं बोलतो. १९७३ मध्ये आर्नो पीटर्सने जो नकाशा गाजवला, तो मुळात जेम्स गॉलने १८५५ मध्ये मांडला होता. त्यात क्षेत्रफळ बरोबर, पण आफ्रिका वाळत घातलेल्या धोतरासारखी लांबते. बॉस्टनच्या सरकारी शाळांनी २०१७ मध्ये तो वर्गात आणला. २०१८ चा ‘इक्वल अर्थ’ दिसायला पुष्कळ बरा आहे, तरी त्यातही कडेचे आकार वाकतात. गोल सपाट करायचा तर आकार आणि क्षेत्रफळ दोन्ही सगळीकडे राखता येत नाहीत. हा गणिताचा नियम आहे, कुणाच्या सद्‌हेतूने तो बदलत नाही.

आणि खरा मर्केटर आता भिंतीवर नाही, खिशात आहे. मोबाइलवरचे बहुतेक रस्त्यांचे नकाशे वेब मर्केटरवर, म्हणजे मर्केटरच्या इंटरनेटसाठीच्या रूपावर, चालतात. कारण साधं: त्यात स्थानिक कोन बिघडत नाहीत. लक्ष्मी रस्त्यावरचा काटकोन झूम केल्यावरही काटकोनच राहतो. गूगलने २०१८ मध्ये संगणकावर झूम कमी केलं की पृथ्वीगोल दिसेल अशी सोय केली, तो मला उत्तम तोडगा वाटतो. जवळून बघायला मर्केटर, लांबून बघायला गोल.

मोम्बासाकर

केनियात नोकरीला आहे, म्हणून राहवलं नाही.

२०१४ साली मी इथे नवा होतो. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली आणि साताऱ्याहून आईचे रोज फोन, परत ये म्हणून. तिला समजावताना मीच अंतर काढलं. साथ होती त्या लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया मोम्बासापासून साडेपाच हजार किलोमीटरहून लांब. मुंबई मोम्बासापासून साडेचार हजारांच्या आत. म्हणजे साथीपेक्षा माझी आई मला जवळ होती. हे सांगितल्यावर ती गप्प झाली, मग म्हणाली, “मग मला कुणी असं सांगितलं का नाही?”

तरी मी ‘स्पष्टच_सांगतो’ यांच्या बाजूचा आहे. आकार कळला म्हणून माणसं कळत नाहीत. इथे पैशाला ‘पेसा’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’. चपाती तर घरोघरी. मोसमी वाऱ्यांवर गलबतं शतकानुशतकं येत-जात राहिली, त्याच्या या खुणा. वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात, त्यामुळे व्यापारी इकडे महिनोन्‌महिने मुक्काम करायचे आणि भाषा एकमेकींत मिसळायच्या. मुरुडला जंजिऱ्यावर राज्य करणारे सिद्दी याच समुद्रावरून आले. हे कुठल्या प्रक्षेपणात दिसणार? मुलांना आफ्रिका किती लाख चौरस किलोमीटर ते सांगण्याआधी ‘पेसा’ सांगा. ती लगेच कान टवकारतील.

अंबरी_नहर

मोम्बासाकर, तुमच्या आईची गोष्ट माझ्या बाजूने जाते असं मला वाटतं. त्यांना भीती का वाटली? लायबेरिया आणि केनिया शेजारी शेजारी आहेत हे चित्र डोक्यात होतं म्हणून. ‘पेसा’ कळला असता तरी ती भीती गेली नसती, ती अंतराच्या आकड्याने गेली. संस्कृती आणि आकार यांत निवड करायची गरजच नाही. एवढ्या मोठ्या जागेत किती प्रकारची माणसं राहत असतील, हा प्रश्न जागा मोठी दिसल्यावरच पडतो. एकट्या नायजेरियात पाचशेहून जास्त भाषा आहेत. मला तो प्रश्न एकविसाव्या वर्षी पडला.

‘स्पष्टच_सांगतो’ यांचा ग्रीनलंडचा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घोळवला. मोठा दिसणारा प्रत्येक देश मोठा वाटत नाही, हे मान्य. पण लहान दिसणाऱ्याकडे दुर्लक्ष सोपं होतं, हे मी स्वतःवरून सांगतो. काँगो लोकशाही प्रजासत्ताक २३ लाख चौरस किलोमीटरहून मोठा, म्हणजे ग्रीनलंडहूनही मोठा. मी त्याच्याकडे कधी थांबून पाहिलंच नव्हतं.

बाईंचं आणि नकाशेवाल्यांचं ऐकून मागणी बदलतो. उतरवू नका. पण जगाच्या प्रत्येक भिंतीवरच्या नकाशाखाली प्रक्षेपणाचं नाव ठळक अक्षरांत छापलेलं असावं आणि त्यासोबत एक ओळ: या नकाशात क्षेत्रफळ खरं आहे की नाही. औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं.

स्पष्टच_सांगतो

ती ओळ कोण वाचणार? औषधाच्या बाटलीवरचंही कोण वाचतं? मी माझ्या मतावर कायम आहे. मात्र काँगोचा आकार मलाही माहीत नव्हता, हे कबूल.

दर्यावर्दी_रत्नागिरी

नाव छापायला माझी हरकत नाही. आमच्या चार्टवर ते छापलेलं असतंच. एक गोष्ट मात्र मुलांना करायला लावा. पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो अटलांटिकवरून आडवा जाणार नाही, थेट उत्तरेला साधारण ६५ अंशांपर्यंत चढेल. तोच दोरा मर्केटरवर काढला तर मोठी कमान होते. ताणलेला दोरा म्हणजे सगळ्यात जवळचा मार्ग. महासागर ओलांडताना आम्हीही ही कमान नोमोनिक चार्टवर, जिथे असा मार्ग सरळ रेषा होतो, सरळ आखून घेतो, मग तिचे तुकडे करून मर्केटरवर उतरवतो. दोन नकाशे एकमेकांना धरून वापरायचे असतात. बाईंनी ‘शेजारी दुसरा लावा’ म्हटलं, ते याचसाठी मला पटलं.

भूगोलाच्या_बाई

आज सातवीत दोऱ्याचा प्रयोग केला. गोल कपाटातून काढला, त्यावर अजून सोव्हिएत संघ आहे. दोरा ताणल्यावर मुलांनी वाटेतली नावं वाचली. मग मी ट्रेसिंग कागदावर गोलावरून ग्रीनलंड काढायला लावलं आणि ते भारतावर ठेवायला सांगितलं. एका मुलीने ठेवलं, चारही बाजूंनी भारत बाहेर उरला. तिने कागद उचलला, पुन्हा ठेवला, मग गोल फिरवून आफ्रिकेवर नेला आणि एक, दोन, तीन करत मोजत राहिली. अकरावर तास संपला. उद्या तिथूनच पुढे मोजणार म्हणून तिने पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.