‘वोताकोई’ पूर्ण वाचलेल्यांची मदत हवी आहे

‘वोताकोई’ची २०१८ची ११ भागांची अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका दोनदा पाहून झाली. आता फुजिताची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) घ्यायचा विचार आहे. तिचेही ११च खंड आहेत. ऑफिसात आपली मांगा-गेमची आवड जिवापाड लपवणारी नारुमी आणि चारचौघांत खुशाल गेम खेळत बसणारा हिरोताका, दोघंही आवडतात. पण माझा जीव अडकलाय तो कोऊमध्ये. एकटीच गेम खेळणारी, कुणी बोललं की शब्दच न फुटणारी, आणि हिरोताकाचा धाकटा भाऊ नाओया तिला मुलगा समजतो! मीही कॉलेजात अशीच गप्प असायचे.

पुढच्या खंडांत कोऊ आणि नाओयाला नीट जागा मिळते का? की विनोदापुरतीच राहतात? शेवट सांगू नका, प्लीज. कोऊसाठी सगळे खंड घ्यावेत का, एवढंच सांगा.